ऑस्ट्रेलिया-चीन युवा संवाद: बीजिंग, शांघाय आणि मधली एक वाया गेलेली दुपार

गेल्या नोव्हेंबरात बीजिंग आणि शांघायला झालेल्या ऑस्ट्रेलिया-चीन युवा संवादाला, म्हणजे दोन्ही देशांतल्या तरुणांना समोरासमोर बसवणाऱ्या कार्यक्रमाला, मी मेलबर्नहून जाऊन आले. पुढच्या फेरीसाठी अर्ज भरायच्या विचारात असणाऱ्यांनी, त्यातही इथे राहणाऱ्या मराठी मुलामुलींनी, आधी हे वाचावं म्हणून लिहितेय. निकाल आत्ताच सांगते: जा. पण निवडीच्या पत्रातल्या तीन गोष्टींवर विसंबून जाऊ नका. व्हिसा, खर्च आणि 'मोकळी चर्चा'.

व्हिसाचं आधी. पत्रात सगळ्यांना सरसकट एकच वाक्य होतं की ऑस्ट्रेलियन सदस्यांना व्हिसा लागत नाही. पासपोर्ट ऑस्ट्रेलियन असेल तर हे खरं आहे. चीनने 1 जुलै 2024 पासून ऑस्ट्रेलियन पासपोर्टवर 15 दिवसांचा व्हिसामुक्त प्रवेश सुरू केला, 30 नोव्हेंबर 2024 पासून तो 30 दिवसांचा झाला आणि अशा देवाणघेवाणीच्या भेटी त्यात बसायला लागल्या. माझ्याकडे ऑस्ट्रेलियाचा पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, आहे आणि पासपोर्ट भारतीय. पीआरवर ही सवलत मिळत नाही. मला 'एफ' प्रकारचा व्हिसा काढावा लागला, त्यासाठी चिनी यजमान संस्थेचं निमंत्रणपत्र हवं, आणि ते पत्र मिळवायला इतक्या ईमेल कराव्या लागल्या की निघायच्या आठवड्यापर्यंत जाणार की नाही हेच नक्की नव्हतं. आपल्यापैकी कितीतरी जण पीआरवर आहेत. निवड झाल्याचं कळलं की त्याच दिवशी निमंत्रणपत्र मागा, पत्रात काहीही लिहिलेलं असो. ज्यांना सवलत आहे त्यांनीही ती कुठल्या तारखेपर्यंत आहे ते तपासा, ती मुदतीची असते. आणि तिथे गेल्यावर व्हिसाची कुरकुर जरा बेतानेच करा. चिनी सदस्यांना ऑस्ट्रेलियाला यायचं तर व्हिसा लागतोच. त्यांच्यातल्या एकीची आधीची फेरी केवळ व्हिसा उशिरा आल्यामुळे हुकली होती.

आता पैसे. 'स्थानिक खर्च आमच्याकडे' याचा अर्थ हॉटेलची खोली, नाश्ता आणि सभेच्या दिवशीचं जेवण. बीजिंग-शांघाय गाडीचं तिकीट आपलं. हॉटेलची अनामत आपली. आणि 'सांस्कृतिक संध्या' नावाच्या एका जेवणासाठी माणशी 480 युआन ऐनवेळी गोळा केले. शेजारच्या गल्लीत आम्ही नंतर तसंच जेवण त्याच्या चौथ्या हिश्शात जेवलो. त्या संध्येत शाकाहाऱ्यांना दोन भाज्या आणि भात मिळाला, पैसे पूर्ण. असा प्रकार दिसला तर सरळ नाही म्हणा, कोणी रागावत नाही. दोघांनी नाही म्हटलं होतं आणि त्यांचं काही अडलं नाही. शाकाहारी असाल तर 'मांस, मासे, मांसाचा रस्सा काहीच नको' हे चिनी लिपीत फोनवर लिहून ठेवा आणि ते आचाऱ्यापर्यंत पोचू द्या. तोंडी सांगितलं तर वांग्याच्या भाजीवर खिमा भुरभुरून येतो.

विमानतळावर 'टॅक्सी, टॅक्सी' करत जवळ येणाऱ्याबरोबर जाऊ नका. आमच्यातल्या एकाने 400 युआन दिले. अधिकृत रांगेत उभं राहिलं तर मीटर 13 युआनपासून सुरू होतो, आणि बीजिंगच्या कॅपिटल विमानतळावरून शहरात येणारी एक्सप्रेस मेट्रो 25 युआनची आहे. अलीपे या पैसे भरायच्या चिनी अॅपमध्ये आपलं कार्ड घरूनच जोडून घ्या. 200 युआनच्या वरच्या व्यवहारावर परदेशी कार्डाला 3 टक्के कटतात, म्हणून मोठं बिल शक्यतो वाटून भरा. वीचॅट या तिथल्या संदेशांच्या अॅपचं खातंही इथेच उघडा, कारण नवीन खात्याला कधीकधी जुन्या वापरकर्त्याकडून पडताळणी लागते. व्हॉट्सअॅप आणि गूगल तिथल्या जाळ्यावर चालत नाहीत. माझं ऑस्ट्रेलियन सिम रोमिंगवर चाललं, हॉटेलच्या वायफायवर काहीही चाललं नाही. सरकारी नोकरीत असाल तर वरिष्ठांना आधी कळवा आणि कामाचा फोन घरी ठेवा.

आता त्या दुपारबद्दल. ती टाळता आली असती म्हणून सविस्तर लिहिते.

बीजिंगमधलं पहिलं सत्र 'मोकळी चर्चा' म्हणून छापलं होतं. लांबलचक टेबल, दोन्ही बाजूंना नावांच्या पाट्या, मधे फुलं, भिंतीलगत पाहुणे. चाळीस माणसं, प्रत्येकाला तीन मिनिटं. दुभाषी होते, पण बोलणं थांबवून मग अनुवाद करणारे. कानाला लावायची यंत्रं नव्हती. म्हणजे तीन मिनिटांची सहा होतात आणि चाळीस माणसांचे चार तास होतात. सत्र तीन तासांचं होतं. हा हिशोब कागदावर कोणीही करू शकलं असतं. प्रश्नोत्तरांना वेळ उरणं शक्यच नव्हतं, आणि उरला नाही. प्रत्येकाने लिहून आणलेलं वाचलं. आमच्या बाजूनेही तेच. मैत्री, पूल, भविष्य, सहकार्य. दुसऱ्या तासाला समोरच्या बाजूची दोन मुलं झोपेशी झगडत होती आणि आमच्या बाजूचीही. आम्ही रात्रभर विमानात होतो, ती दोघं सकाळच्या गाडीने आली होती.

आमच्यातल्या एकाने कागद बाजूला ठेवून सरळ विचारलं की 2020-21 मध्ये ऑस्ट्रेलियन जवावर 80.5 टक्के आणि वाईनवर 218 टक्क्यांपर्यंत जे आयातशुल्क चीनने लावलं, त्याबद्दल इथल्या तरुणांना काय वाटतं? अध्यक्षांनी प्रश्नाबद्दल आभार मानले आणि पुढच्या पाटीचं नाव घेतलं. बस्स. उत्तर नाही, प्रतिप्रश्न नाही. तो मुलगा साउथ ऑस्ट्रेलियातल्या द्राक्षमळ्याच्या घरातला आहे. त्याचा चेहरा मला आठवतो.

शिवाय आम्हाला सांगितलं होतं की सत्र चॅटम हाउस नियमाने चालेल. काय बोललं गेलं ते बाहेर वापरता येतं, कोण बोललं ते सांगायचं नाही. त्याच रात्री वीचॅटवरच्या एका सार्वजनिक खात्यावर आमचे नावांच्या पाट्यांसकट फोटो आले. कोण काय बोललं याचा मुद्देसूद सारांशही आला, त्यात शुल्काचा प्रश्न तेवढा नव्हता. ज्यांना उद्या सरकारात किंवा मोठ्या कंपनीत काम करायचं आहे त्यांच्यासाठी ही लहान गोष्ट नाही, दोन्हीकडच्या मुलांसाठी नाही. म्हणून पुढे जाणाऱ्यांनी तीन गोष्टी आधी लेखी मागाव्यात: फोटो कोण काढणार आणि कुठे टाकणार, अनुवाद बोलण्याबरोबरच होणार की थांबून, आणि एका टेबलाशी किती माणसं. बारापेक्षा जास्त असतील तर ती चर्चा होणार नाही. त्या सत्राला प्रकृतीचं कारण सांगून खोलीत झोपा, माझं प्रामाणिक मत आहे.

हे इतक्या तळमळीने लिहायचं कारण म्हणजे या दोन देशांत तरुण माणसाने समोर बसून बोलल्याने खरोखर काही घडलेलं आहे. जुलै 1971 मध्ये ऑस्ट्रेलियाचे विरोधी पक्षनेते असलेले गॉफ व्हिटलम बीजिंगला जाऊन चीनचे पंतप्रधान चाउ एन-लाय यांना भेटले, तेव्हा त्यांच्याबरोबर चीनचा जाणकार म्हणून स्टीफन फिट्झगेराल्ड होता. वय 32. डिसेंबर 1972 मध्ये ऑस्ट्रेलियाने चीनला मान्यता दिली आणि 1973 मध्ये हाच माणूस पहिला राजदूत म्हणून तिथे गेला. त्याला चिनी येत होतं. आमच्या गटात चिनी घराण्यात न जन्मलेले आणि तरीही चिनी नीट बोलणारे मोजकेच होते, आणि हा आमच्या बाजूचा दोष आहे. 2021 च्या जनगणनेत इंग्रजीखालोखाल ऑस्ट्रेलियातल्या घरांत सर्वाधिक बोलली जाणारी भाषा मँडरिन, म्हणजे प्रमाण चिनी, आहे, आणि आपण समोरच्याच्या इंग्रजीवर निभावून नेतो. किमान वर्षभर शिकून जा. ओळख करून देण्यापुरतं नाही, जेवताना वाद घालता येईल इतकं.

मुतियान्यूला चीनची भिंत पाहिली, छान होती. बूट चांगले असू द्या आणि वाऱ्याचं जाकीट घ्या.

रात्रीच्या जेवणात एक निवृत्त डॉक्टर पाहुणे होते. मी मूळची महाराष्ट्रातली कळल्यावर ते उठून माझ्यापाशी आले आणि म्हणाले, 'के दिहुआ'. आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. 1938 मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले तेव्हा 27 वर्षांचे, आणि डिसेंबर 1942 मध्ये तिथेच वारले. मी ऑस्ट्रेलियन गटात होते, पाटीवर ऑस्ट्रेलियाचा झेंडा होता, तरी त्या रात्री माझ्याशी लोक वेगळ्या जिव्हाळ्याने बोलले. मराठी माणसाने तिथे जाताना कोटणीसांबद्दल वाचून जावं. चार ओळींवर थांबू नका, कारण ते लोक खोलात विचारतात. भारत-चीन सीमावादावरही विचारतात. तेव्हा आपण ऑस्ट्रेलियाकडून आलोय म्हणून विषय झटकू नका, जे वाटतं ते शांतपणे सांगा.

बाईज्यू, म्हणजे तिथली कडक दारू, जपून. पित नसाल तर पहिल्याच फेरीला चहाचा पेला उचला आणि शेवटपर्यंत चहाच ठेवा. मधेच बदललं की आग्रह सुरू होतो.

बीजिंग-शांघाय गाडी 1,318 किलोमीटर साडेचार तासांच्या आसपास नेते. पासपोर्ट हेच तिकीट, त्यामुळे बुकिंगमधलं नाव पासपोर्टवरच्यासारखं अक्षरशः जुळू द्या, आडनाव-वडिलांचं नाव यांचा आपला घोळ इथे महागात पडतो. जागा घेताना चिनी सदस्यांना विचारून त्यांच्याच डब्यात घ्या. आमच्यातल्या ज्या अर्ध्या जणांनी तशा घेतल्या नाहीत ते साडेचार तास आपसातच बोलत बसले.

शांघायला मात्र सगळं बदललं. यजमान दुसरे होते आणि त्यांनी आठ-आठ जणांची टेबलं लावली. दुभाषी नाही, पाट्या नाहीत, फोन दाराशी टोपलीत. एकच अट होती: स्वतःची बाजू मांडण्याआधी समोरच्याची तक्रार अशी मांडायची की त्याने 'हो, हेच' म्हटलं पाहिजे. पहिला अर्धा तास फार कठीण गेला. आमच्याकडे 2018 मध्ये ऑस्ट्रेलियाने 5जीतून ह्वावेई या चिनी कंपनीला वगळणं आणि एप्रिल 2020 मधली कोविडच्या उगमाच्या चौकशीची मागणी होती. ती मागणी चिनी माणसाला अपमान का वाटली, हे त्याच्या शब्दांत सांगायचं. त्यांच्याकडे जव आणि वाईन होती, आणि उत्तर ऑस्ट्रेलियातलं डार्विन बंदर होतं, जे 2015 मध्ये चिनी कंपनीला 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलं गेलं. एका चिनी वकील मुलीने डार्विनबद्दलची ऑस्ट्रेलियन काळजी इतकी नेमकी मांडली की आमच्यातल्या कोणालाच तशी मांडता आली नसती. मग द्राक्षमळ्यातल्या त्या मुलाचं त्याच टेबलावर बोलणं झालं. ज्याच्याशी झालं तो ऑस्ट्रेलियन वाईन आयात करणाऱ्या छोट्या फर्ममधला होता. शुल्काने त्याचाही धंदा बसला होता. मार्च 2024 मध्ये शुल्क उठलं, पण तोवर त्याची गिऱ्हाइकं चिलीच्या वाईनकडे वळली होती. दोघं एकाच फटक्याने पडलेले. बीजिंगच्या हॉलमध्ये ते एकमेकांपासून हाताच्या अंतरावर बसले होते आणि त्यांना हे कळलं नव्हतं.

दुपारी लोहखनिज आलं. चीन आयात करतो त्यातलं निम्म्याहून अधिक ऑस्ट्रेलियातून, मुख्यतः वेस्टर्न ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा भागातून येतं. पर्थची एक अभियंता आणि पोलाद उद्योगातला एक चिनी अभियंता कागदावर भट्ट्यांची चित्रं काढत बसले. कोळशाऐवजी हायड्रोजनने पोलाद करायचं तर उच्च प्रतीचं खनिज सोयीचं पडतं, पिलबाराचं बरंचसं तसं नाही, मग ते आधी कुठे आणि कसं सुधारायचं. चहापानाची वेळ झाली तरी कोणी उठेना. मी आजवर ज्या सभांना बसले त्यात ही सर्वांत चांगली, यात मला शंका नाही. त्या संध्याकाळी मी बंडवर, म्हणजे शांघायच्या नदीकाठच्या रस्त्यावर, कितीतरी वेळ चालत होते आणि थकवा जाणवत नव्हता.

तेव्हा वेळ आणि पैसे अर्धेच असतील तर बीजिंग सोडा आणि थेट शांघायच्या भागाला या, परवानगी मिळते. अर्जात 'नेतृत्व', 'दूरदृष्टी' लिहू नका. तुमच्या कामातला एक प्रश्न लिहा जो समोरच्या देशाशिवाय सुटत नाही. निवडणाऱ्यांपैकी एकाने मला नंतर सांगितलं की ते तेवढंच वाचतात.

आल्यानंतर ईमेल पाठवू नका, उत्तर येत नाही. वीचॅटवर टेबलाचा गट तिथेच, उठायच्या आधी करा आणि पहिल्या कॉलची तारीख ठरवूनच उठा. आमचा गट महिन्यातून एकदा बोलतो. कॉल बोलावण्याचं काम पर्थच्या माणसाकडे द्या, कारण पर्थ आणि बीजिंगचं घड्याळ बारा महिने एक असतं. मेलबर्न उन्हाळ्यात तीन तास पुढे आणि हिवाळ्यात दोन तास पुढे असतं, आणि ऑक्टोबरात घड्याळ बदललं की अर्धी माणसं चुकीच्या वेळी येतात.