बातमी हातात, पण लाइन नाही

सोमवार, रात्री

विल्यम शायरर हा अमेरिकन बातमीदार डोक्यातून जात नाहीये. हिटलर वर येत होता तेव्हा जगाला काही कळलंच नाही असं कुणी म्हटलं की मला हल्ली रागच येतो, कारण कळत होतं, सगळं कळत होतं, बर्लिनमधून आणि व्हिएन्नातून रोज तारा जात होत्या, आणि त्या पाठवणाऱ्यांत कितीतरी अमेरिकन बातमीदार होते ज्यांना पुढच्या महिन्यात आपली नोकरी असेल की नाही याची खात्री नसायची. हे नोकरीचं प्रकरण मला जास्त भिडतं. मी स्वतः काही वर्षं तालुक्याचा बातमीदार म्हणून काढलीत, मानधन अडकणं म्हणजे काय आणि वर कुणीतरी खर्च कपातीचा निर्णय घेतला की खाली कोण कापलं जातं हे मला चांगलं माहितीये. त्यामुळे परदेशी बातमीदार म्हटल्यावर लोकांना रेनकोट, टाइपरायटर, हॉटेलातली पार्टी दिसते तेव्हा मला आधी त्यांचा पगार कोण देत होतं हे बघावंसं वाटतं.

शायरर १९०४ चा, शिकागोचा, वडील लवकर गेले म्हणून पुढचं बालपण आयोवातल्या सीडर रॅपिड्समध्ये. १९२५ मध्ये कॉलेज संपल्यावर उन्हाळ्यापुरतं युरोप बघून येऊ म्हणून गुरं नेणाऱ्या बोटीवर चारा घालायचं काम धरून निघाला. पॅरिसमध्ये पैसे संपले, परतायची वेळ आली, आणि अगदी शेवटच्या घटकेला शिकागो ट्रिब्यूनच्या पॅरिस आवृत्तीत रात्रपाळीच्या डेस्कवर जागा मिळाली. शेजारी बसायचा जेम्स थर्बर, तोच जो पुढे विनोदी लेखक म्हणून गाजला. काम काय तर अमेरिकेतून तारेने मोजके शब्द यायचे, कारण समुद्राखालच्या केबलला शब्दागणिक पैसे पडायचे, आणि ह्या पोरांनी त्या तुटक शब्दांतून पूर्ण बातमी उभी करायची. फ्रँक घसरलेला होता, डॉलरला भाव होता, म्हणून तुटपुंज्या पगारातही पॅरिसमध्ये राहणं परवडायचं. २१ मे १९२७ च्या रात्री वैमानिक लिंडबर्ग अटलांटिक ओलांडून पॅरिसच्या ले बूर्जे विमानतळावर उतरला तेव्हा शायरर तिथे त्या लोंढ्यात होता. मग मुख्य पेपरने त्याला युरोपभर फिरवायला सुरुवात केली आणि १९२९ मध्ये तो व्हिएन्नात स्थिरावला. स्थिरावला म्हणजे तेवढ्यापुरता.

मंगळवार

आज आपल्याकडचा भाग वाचला. ऑगस्ट १९३० मध्ये मालकाच्या हुकमावरून शायरर मुंबईला आला, आणि ज्यांच्यासाठी आला ते गांधीजी तेव्हा पुण्यात, येरवड्याच्या तुरुंगात. भेट शक्यच नाही. महिनोन् महिने थांबावं लागलं, मधे काबूलला जाऊन आला, मलेरिया झाला, आमांश झाला. २६ जानेवारी १९३१ ला गांधीजी सुटले आणि फेब्रुवारीत दिल्लीत काँग्रेस नेते डॉ. अन्सारींच्या घरी एकदाची गाठ पडली. गांधी-आयर्विन करार ५ मार्चचा, तोपर्यंत हा तिथेच होता. पुढे आयुष्यभर तो त्या दिवसांबद्दल बोलत राहिला आणि मला ते पूर्ण पटतं, सत्तावीस वर्षांच्या पोराला एका वर्षात गांधी दिसतात आणि नंतर काही वर्षांतच न्यूरेंबर्गला हिटलर दिसतो, एवढं बघितलेला माणूस तसाच कसा राहील.

त्याच्या आधीच वेब मिलर येऊन गेला होता, तो युनायटेड प्रेस ह्या अमेरिकन वृत्तसंस्थेचा, लंडनला असायचा. २१ मे १९३० ला गुजरातेतल्या धारासण्याच्या मिठागरावर सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली सत्याग्रही रांगेने पुढे जात होते, लोखंडी टोकाच्या लाठ्या डोक्यात बसत होत्या, आणि कुणीही हात वर करून वार अडवत नव्हता. मिलर नंतर तात्पुरत्या दवाखान्यात गेला आणि जखमी मोजले, ३२० भरले, दोघे गेलेले. हे मोजणं फार महत्त्वाचं आहे. तो नुसता हळहळला नाही, खाटांमधून फिरून आकडा घेतला. आणि इंग्रज सरकारच्या तारखात्याने त्याची तार अडवली, झगडून झगडून ती बाहेर काढावी लागली. म्हणजे तारा अडवायचं काम फक्त हुकूमशहाच करतात असं अजिबात नाही.

गुरुवार

काल लिहायला जमलं नाही, वाचत बसले आणि उशीर झाला.

१९३१ मध्ये शायररने व्हिएन्नाच्याच तेरेझाशी लग्न केलं, सगळे तिला टेस म्हणायचे. १९३२ मध्ये स्कीइंग करताना अपघात होऊन एका डोळ्याची दृष्टी गेली आणि त्याच वर्षी ट्रिब्यूनने काढून टाकलं. मंदीचे दिवस, अमेरिकन पेपर्स परदेशातली ऑफिसं एकामागून एक आवरती घेत होते, कारण परदेशी बातमी महाग पडते आणि वाचक घरच्या चिंतेत असतो. मग ह्या दोघांनी साठवलेल्या पैशावर स्पेनमध्ये लोरेत दे मार ह्या किनाऱ्यावरच्या गावात एक वर्ष काढलं. शेजार होता गिटारवादक सेगोव्हियाचा! पण पैसे संपल्यावर परत पॅरिस, परत डेस्क.

१९३३ सालाकडे बघा. एडगर मॉवरर, शिकागो डेली न्यूजचा, बर्लिनमधल्या परदेशी पत्रकारांच्या संघटनेचा अध्यक्ष, जर्मनीवरच्या बातम्यांसाठी त्याच वर्षी पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक मिळालेला, त्याला सप्टेंबर लागता लागता देश सोडावा लागला, तुमच्या जिवाची हमी देता येणार नाही असं सांगून. आणि १९३४ मध्ये अमेरिकन बातमीदार डोरोथी थॉम्पसन. तिने १९३१ मध्ये हिटलरची मुलाखत घेतली होती आणि हा माणूस काही सत्तेवर येत नाही असं छापून मोकळी झाली होती. साफ चुकली. पण चुकल्यावर तिने तोंड फिरवलं नाही, परत जर्मनीत जाऊन काय चाललंय ते बघितलं, लिहिलं, आणि ऑगस्ट १९३४ मध्ये तिला चोवीस तासांत बाहेर पडायचा हुकूम आला. बर्लिनच्या फ्रीड्रिशस्ट्रासे स्टेशनवरून ती निघाली, बातमीदार मित्रांनी फुलं देऊन निरोप दिला. आणि थोड्याच वेळात त्याच स्टेशनवर शायरर आणि टेस उतरले, नवीन नोकरीवर, अमेरिकन पेपरमालक हर्स्टच्या युनिव्हर्सल सर्व्हिस ह्या वृत्तसंस्थेसाठी. उतरल्या उतरल्या साध्या वेशातल्या दोघांनी अडवून पासपोर्ट बघितला. एकीला घालवलं आणि त्याच संध्याकाळी दुसऱ्याची ओळख पटवून घेतली. तारीख २५ ऑगस्ट.

तेव्हा शांततेच्या काळात तारांवर उघड सेन्सॉर नव्हता, हे मला आधी नीट कळलं नव्हतं. पाहिजे ते पाठवा, पण दुसऱ्या दिवशी बोलावणं येईल, किंवा जर्मन पेपरात तुमच्यावर अग्रलेख येईल, किंवा थेट हकालपट्टी. त्यामुळे प्रत्येकाने आपापल्या डोक्यात मोजत लिहायचं, किती लिहिलं तर इथे राहता येईल. जानेवारी १९३६ मध्ये शायररने लिहिलं की हिवाळी ऑलिम्पिकसाठी गार्मिशमधल्या ज्यूंना मज्जाव करणाऱ्या पाट्या पाहुण्यांच्या नजरेआड केल्यात, तर रेडिओवरून आणि पेपरांतून त्याच्यावर झोड उठली. आणि ह्यापेक्षा वाईट गोष्ट जर्मन माणसांची होती. ज्यांनी माहिती दिली त्यांचं नाव चुकून निघालं तर बातमीदाराला फार तर ट्रेनमध्ये बसवतील, पण माहिती देणाऱ्याला छळछावणीत टाकतील किंवा मारतील. गावात राहून बातमी देणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. ज्याने कागद आणून दिला तो तिथेच राहतो.

ऑगस्ट १९३७ मध्ये युनिव्हर्सल सर्व्हिसच बंद पडली. टेसला दिवस गेलेले. आणि त्याच सुमारास एका अनोळखी माणसाची तार आली, जेवायला भेटूया का, खाली फक्त आडनाव, ‘मरो’. २७ ऑगस्टला अॅडलॉन हॉटेलात एड मरोने त्याला सीबीएस ह्या अमेरिकन रेडिओ कंपनीत यायला सांगितलं, फक्त एक अट, आवाजाची चाचणी. आवाज होता पातळ आणि सपाट, न्यूयॉर्कवाल्यांना आवडला नाही, पण मरोने हट्ट धरला. गंमत वाटेल पण रेडिओत घेतलेल्या ह्या दोघांनी स्वतः बातम्या सांगायच्या नव्हत्या, दुसऱ्यांना माईकसमोर आणून बसवायचं, मुलांची गाणी, भाषणं असले कार्यक्रम जमवायचे.

शनिवार

आज फक्त ११ मार्च १९३८ बद्दल लिहिते, कारण तो एकच दिवस नीट समजला तर ह्या लोकांचं सगळं जगणं समजतं.

शायरर त्या सकाळी युगोस्लाव्हियातल्या ल्युब्लियानाहून व्हिएन्नात परतला, सीबीएससाठी आता त्याचा मुक्काम तिथे होता, कशासाठी गेला होता तर मुलांच्या गाण्याच्या कार्यक्रमासाठी. मरो असाच कार्यक्रम घेऊन वॉर्सात. टेस हॉस्पिटलमध्ये, दोन आठवड्यांपूर्वी सिझेरियन होऊन मुलगी झालेली, टेसच्या पायाच्या शिरेला सूज येऊन तब्येत गंभीर. शहरात दोन दिवसांवर आलेल्या सार्वमताची पत्रकं वाटली जात होती, ऑस्ट्रियाने स्वतंत्र राहायचं का म्हणून. संध्याकाळी कार्ल्सप्लाट्झला स्टेशनातून वर आला तर नाझींच्या ओरडणाऱ्या जमावातच सापडला. सार्वमत रद्द. थोड्या वेळात चॅन्सेलर शुश्निग रेडिओवरून राजीनामा देऊन मोकळा. एक देश संध्याकाळच्या काही तासांत संपला आणि हा माणूस तिथे उभा राहून बघतोय, आणि त्याच्या हातात काय आहे? वर्षानुवर्षं वाट बघावी अशी बातमी. आणि ती सांगायला काही नाही.

योहानेसगासेवरच्या रेडिओ केंद्रात गेला, तिथे संगिनीवाले. लाइन द्या, न्यूयॉर्कला बोलायचंय. आत्ता नाही, मग बघू, बर्लिनला विचारतो. पहाटे तीनपर्यंत तो तिथे मागत राहिला आणि शेवटी त्यांनी बाहेर काढलं. सीबीएसची प्रतिस्पर्धी रेडिओ कंपनी एनबीसी, तिच्या माणसाचा ऑस्ट्रियन रेडिओशी करार होता, त्याला हवा तो माईक मिळाला. शायररच्या जागी मी असते तर त्या पहाटे रस्त्यावर काय वाटलं असतं याचा विचार करत मी आज बराच वेळ बसून होते. बायको आजारी, लहान बाळ, ज्या देशात घर केलं तो देश गेला, आणि सगळं डोळ्यांनी बघून तोंड बंद.

मरोने फोनवर सांगितलं, लंडनला उड, तिथे सेन्सॉर नाही. टेसला हॉस्पिटलमध्ये सोडून निघायचं! सकाळी विमानतळावर लंडनच्या विमानात जागा नाही, पळून जाणाऱ्या ज्यूंनी ती भरलेली, पैसे पुढे करूनही कुणी सीट सोडेना आणि का सोडावी. मग बर्लिनमार्गे गेला. त्या रात्री लंडनहून अमेरिकेला त्याने डोळ्यांनी बघितलेलं सांगितलं, त्याच सपाट आवाजात. मरोने उलट दिशेने येऊन बर्लिनहून सत्तावीस सीटचं अख्खं विमान भाड्याने घेऊन एकट्याने व्हिएन्ना गाठली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, न्यूयॉर्कचा फोन, आज रात्री अर्धा तासाचा कार्यक्रम पाहिजे, लंडन, पॅरिस, बर्लिन, रोम, व्हिएन्ना सगळीकडून थेट. असं कुणी केलेलं नव्हतं, वेळ जेमतेम आठ तासांचा, त्यात रविवार, इंजिनिअर घरी, बातमीदार सुट्टीवर. शायररने फोनवर एकेकाला शोधून काढलं. एकमेकांचा आवाज ऐकू येईलच याची खात्री नाही, म्हणून सगळ्यांनी घड्याळं जुळवून सेकंदाच्या हिशोबाने बोलायचं. पॅरिसहून बोलला मॉवरर, बर्लिनने घालवलेला तोच. रोमहून लाइन मिळालीच नाही, तर तिथल्या बातमीदाराने मजकूर फोनवर लिहून दिला आणि शायररने लंडनहून वाचला. लंडनमध्ये रात्रीचा एक वाजला होता. रेडिओच्या, नंतर टीव्हीच्या बातम्या आज ज्या पद्धतीने दिल्या जातात, ह्या गावाहून अमुक, त्या गावाहून तमुक, ती घडी त्या रात्री बसली असं मी म्हणेन.

काही दिवसांनी तो परतला तेव्हा ज्यूंना गुडघ्यावर बसवून फुटपाथवरच्या घोषणा घासायला लावत होते. घराशेजारी रॉथशील्ड ह्या श्रीमंत ज्यू घराण्याचा वाडा होता, त्यातून हिटलरच्या एसएस दलाचे लोक चांदीची भांडी बाहेर नेताना दिसले.

रविवार

शायररच्या रोजनिशीचं राहिलं. माईकवरून जे सांगता येत नव्हतं ते तो रात्री लिहून ठेवायचा. युद्ध लागल्यावर तर एकेका स्क्रिप्टवर लष्कर, परराष्ट्र खातं आणि प्रचार खातं असे तीन तीन सेन्सॉर बसायचे. डिसेंबर १९४० मध्ये बर्लिन सोडताना त्याने रोजनिशीची पानं सामानाच्या तळाशी घातली, वर सेन्सॉरचे शिक्के असलेली स्क्रिप्टं, आणि गेस्टापो म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांकडूनच पेट्यांना सील लावून घेतलं. १९४१ मध्ये ती अमेरिकेत छापली गेली आणि प्रचंड खपली. मूळ कागद तो शिकला त्या ‘को’ नावाच्या कॉलेजात आहेत आणि अभ्यासकांनी ताडून बघितलं तेव्हा छापताना बऱ्याच ठिकाणी बदल केलेले, काही भाग मागाहून लिहिलेला निघाला. हे कळल्यावर माझी मैत्रीण म्हणाली, मग विश्वास कशाला ठेवायचा. मला तसं वाटत नाही. व्हिएन्नातल्या त्या रात्रीला तारा, प्रसारणं, इतरांच्या आठवणी असा बाहेरचा पुरावा आहे. पण १९३४ मध्ये आपल्याला सगळं किती स्पष्ट दिसत होतं असं जिथे जिथे वाटतं, तिथे मात्र सावकाश वाचावं.

आता सिग्रिड शुल्ट्झ घेतलीये. शिकागो ट्रिब्यूनची बर्लिन ऑफिसची प्रमुख, बाई, १९२० च्या दशकापासून. १९३५ मध्ये कुणीतरी तिच्या घरी एक पाकीट ठेवून गेलं, आईने ऑफिसात फोन केला, ही धावत आली, उघडलं तर विमानाच्या इंजिनाचे नकाशे, म्हणजे हेरगिरीचा आरोप तयार. तिने ते शेगडीत जाळलं. परत जाताना पाकीट आणणारा माणूस आणखी दोघांना घेऊन घराकडे येताना दिसला, तर तिने त्यांना सरळ सांगितलं की जाऊ नका, जाळून टाकलंय, आणि टॅक्सी थांबवून त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात अमेरिकन वकिलात म्हणाली. पुढे एका जेवणात हिटलरचा मंत्री गोरिंग याला तोंडावर जाब विचारला. नंतर जॉन डिक्सन ह्या खोट्या नावाने, जर्मनीबाहेरच्या गावांची नावं वर टाकून, छळछावण्यांबद्दल लिहित राहिली आणि १९४१ पर्यंत बर्लिनमध्ये टिकली. पुढचा आठवडा तिचाच.