दाढेचं काम

शुक्रवार. रात्रीचे साडेअकरा. संध्याकाळी गेलेली लाईट आत्ता आली.

आज कथा पाठवून मोकळा होणार होतो. अंकवाल्यांचे दोन फोन येऊन गेलेत. नेहमीप्रमाणे कागद आधी वहिनीकडे दिले. तिने पडवीत बसून, चष्मा सारखा वर सारत, शेवटपर्यंत वाचले. कागद परत देताना एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "भावोजी, हिला एवढ्यात बरं वाटेल?"

ओळ अशी होती : 'दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदाला जाग आली तेव्हा समुद्र निळा दिसत होता आणि कितीतरी दिवसांनी तिला बरं वाटत होतं.'

मी म्हटलं, "आदल्या दिवशी डॉक्टरकडे नेलं ना तिला. गोळी सुरू झाली."

"म्हणूनच विचारते. सुरुवातीचे आठ-दहा दिवस जास्तच वाईट जातात." एवढं बोलून आमटी उतू जाईल म्हणून आत गेली.

म्हणूनच विचारते. जेवताना हे दोन शब्द घासाबरोबर चावत होतो. आणि हे वहिनीला कसं माहीत, हा प्रश्न पडायला मला हात धुवेपर्यंत वेळ लागला.

मग सगळं एकदम आठवलं. दाढेचं काम. गेल्या जूनपासून दर पंधरा दिवसांनी, पुढे महिन्याने, सकाळची पहिली एसटी धरून रत्नागिरी. मी एकदा विचारलंही होतं, 'किती दिवस चालणार गं हे दाढेचं?' ती म्हणाली होती, 'मुळाशी गेलंय म्हणतात.' मी पेपर उघडला होता.

एका घरात राहतो आम्ही. मधे फक्त मातीची भिंत आहे. मला कसं कळलं नाही?

मागे स्वयंपाकघरात गेलो तर ती भांडी घासत होती. मी नुसतं "वहिनी" म्हटलं. तिने मागे वळून न बघता पहिलं वाक्य हे म्हटलं : "मी मेंटल हॉस्पिटलात नव्हते जात हो. स्टँडजवळच्या डॉक्टरबाईंकडे जाते."

हे आधी सांगावं लागलं तिला. आणि ते ऐकून माझ्या चेहऱ्यावर हायसं वाटल्याचं उमटलं असणार. बरं झालं, ती पाठमोरी होती. लहानपणी आम्ही दंगा केला की 'तिथे टाकून येईन' म्हणायचे. १८८६ सालापासून ते हॉस्पिटल रत्नागिरीत आहे, राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक. तिथेही लोक सकाळी ओपीडीला येतात, औषध घेतात आणि दुपारच्या एसटीने घरी जातात. वहिनी तिथे गेली असती तर माझं काय गेलं असतं? हे मी कथालेखक म्हणवून घेणारा माणूस, नैराश्यावर कथा लिहितो आहे, आणि मला हायसं वाटलं.

तिने सांगितलं ते कामाच्या ओघात, एक भांडं विसळून झालं की एक वाक्य, असं. आधी छातीत धडधड. भर दुपारी, काही कारण नसताना. हात गार पडायचे. तिला वाटलं हृदयाचं आहे. गावच्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, तो चांगला निघाला, मग गॅसच्या गोळ्या. आत्याने दृष्ट काढली, देवळात कौलही लावून झाला. (हे मला माहीत होतं. नारळ मीच आणून दिला होता.) पहाटे चारला जाग यायची ती यायचीच, आणि तोच वेळ सगळ्यात वाईट. उजाडेपर्यंत छताची कौलं मोजत पडायचं. दुपार टळली की थोडं हलकं. म्हणून संध्याकाळी मी घरी यायचो तेव्हा ती मला ठीक दिसायची.

चैत्रातल्या त्या गोष्टीबद्दल ती काही बोलली नाही. मीही नाही.

डॉक्टरबाईंनी पहिल्यांदा गोळी दिलीच नाही. आधी रक्त तपासायला सांगितलं, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन, कारण थायरॉइड कमी झालं तरी माणूस असाच मलूल होतो. मग एक कागद भरायला दिला. नऊ प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटला नाही, असं किती दिवस झालं? झोप? भूक? थकवा? प्रत्येकापुढे चार घरं : अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. वहिनी म्हणाली, "आपल्याला होतंय ते कुणीतरी आधीच छापून ठेवलंय हे बघून मला रडू आलं. म्हणजे ते होतं लोकांना."

ती प्रश्न बोटांवर सांगत होती. आठपर्यंत आली. मी मागे माझ्या कथेसाठी ती प्रश्नावली वाचली आहे. नववा प्रश्न जगण्याबद्दलचा असतो. ती आठवर थांबली आणि कढई घ्यायला वाकली. मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं का? आत्ता, साडेअकराला, वाटतंय की हवं होतं. डॉक्टरबाई सरळ विचारतात म्हणे. विचारल्याने कुणाच्या डोक्यात ते शिरत नाही, उलट सांगायला वाट मिळते. पण डॉक्टरबाई बाहेरच्या. मी घरातला.

गोळी एस्सिटॅलोप्रॅमची, दहाची, पण सुरुवातीला अर्धीच. तिरफळांच्या डब्यात ठेवायची, कारण तो डबा तिच्याखेरीज कुणी उघडत नाही. पुडीत राहिलेल्या अर्ध्या गोळीला तिरफळाचा वास लागायचा. मधल्या खाचेवर नखाने दाबून मोडायची, कधी सारखी मोडायची नाही. पहिला आठवडा मळमळ, धडधड आणखी वाढलेली, झोप उडालेली. 'बंदच करावी' असं रोज वाटायचं. झोपेसाठी आणखी एक छोटी गोळी होती, पण ती पंधराच दिवस. तिची सवय लागते, म्हणून बाईंनी मोजून दिली होती.

मी माझ्या डॉक्टरांच्या तोंडी घातलं होतं की मेंदूतलं एक रसायन कमी पडलंय, गोळीने भरून निघेल. जणू टाकीत पाणी सोडायचं. तसं सरळ ते नाही. गोळी पहिल्या दिवसापासून त्या रसायनावर, सेरोटोनिनवर, काम करते आणि तरी मनाला फरक कळायला दोन-चार आठवडे जातात, पुरतं बरं वाटायला सहा-आठ. त्या मधल्या आठवड्यांत माणूस काय करतो? माझ्या कथेत ते आठवडेच नाहीत. कुंदाची एक रात्र जाते.

वहिनीचे ते आठवडे इथे, माझ्यासमोर गेले. त्याच दिवसांत मी ताटावर बसून म्हणत होतो, 'आमटीत मीठ नाही आज.' दुसऱ्या दिवशी, 'आज खारट झालंय.' तिला चवच कळत नव्हती.

हे लिहून मी उठलो, पाणी प्यायलो, परत बसलो.

खरं सांगायचं तर आधी मला वाईट वाटलं ते माझंच. मला का नाही सांगितलं? तिचं मी कधी काय मोडलं? मोबाइलवर टेलि-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, १४४१६ हा नंबर तिने 'गॅस' या नावाने ठेवला आहे, म्हणजे कुणी बघितलं तरी कळू नये. रात्री एकदा लावलाही होता. चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात. त्या अनोळखी बाईशी ती वीस मिनिटं बोलली, आणि भिंतीपलीकडे मी जागाच होतो, कुंदाचं दुःख लिहीत. मी तिचा कुणीच नाही का? तासभर हेच घोळत होतं. दादाला तरी माहीत आहे का, हेही विचारायचं राहिलं.

पण मग तिने दुधाच्या हिशोबाची वही आणून दिली. मागून उघडायची. पानाच्या मधोमध रेघ, डावीकडे 'काय वाटलं', उजवीकडे 'काय झालं'. गोळीबरोबर दर खेपेला बोलायलाही बसायची, तिथे हे करायला शिकवलं. एका पानावर डावीकडे : 'फोन लागत नाही. बोटीला काहीतरी झालं. आता कुणीतरी सांगायला येईल.' उजवीकडे : 'रेंज नव्हती. सव्वानऊला आला.' खाली पुन्हा तेच. पुन्हा 'रेंज नव्हती'. असं नऊ वेळा. आणखी पुढे डावी बाजू लहान होत गेलेली. मधे कामं लिहिलेली : 'आज फक्त सडा.' 'आज सडा आणि वेणी.' बरं वाटण्याची वाट न बघता आधी थोडं काम करायचं, मन मागून येतं, असं सांगितलं होतं तिला. वेणीपुढे बारीकशी खूण होती.

गणपतीत सगळं ठीक वाटलं म्हणून तिने गोळी आपली आपणच सोडली. तीन दिवसांत चक्कर, डोक्यात करंट लागल्यासारखे झटके, आणि पुढच्या पंधरवड्यात पुन्हा पहाटेचे चार. ती पानं वहीत कोरी आहेत. गौरी-गणपतीचा शीण, असं आम्ही सगळे म्हणत होतो. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. पुन्हा अर्ध्यापासून सुरू. बरं वाटायला लागल्यावरही सहा ते नऊ महिने चालू ठेवायची आणि मग सांगतील तशी हळूहळू कमी करायची, हे त्यांनी तिला कागदावर लिहून दिलं. आता दिवाळीनंतर कमी करणार आहेत.

वही वाचता वाचता माझा हट्ट गळाला. जी बाई नवव्या प्रश्नापाशी थांबते, तिने ही वही माझ्या हातात दिली. मी विचारत नव्हतो तेव्हा सांगता आलं नसेल. कुंदाचं निमित्त मिळालं, तेव्हा तिने सांगितलं. त्या एका ओळीवर बोट ठेवायला तिला किती वेळ लागला असेल, कोण जाणे. मला आपणहून कळलं नाही, हे खरंच आहे आणि ते तसंच राहणार. यापुढे दर महिन्याला रत्नागिरीला मी बरोबर जाऊ का, असं विचारलं. म्हणाली, "बघू. बाईंच्या दारात चपला काढायला जागा नसते." नाही म्हणाली नाही.

अंकवाल्यांना आठ दिवस मागितले. ते आठवडे लिहायचे आहेत. 'बरं वाटत होतं' खोडलं, पण तिथे काय घालावं ते सुचेना. वहिनीला विचारलं, "तुला पहिल्यांदा कधी कळलं?"

ती बराच वेळ आठवत राहिली. पाचवा आठवडा असेल, म्हणाली. सकाळची पेज पीत होती.

तिने माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि खोडलेल्या ओळीच्या वर, दुधाच्या हिशोबाच्या त्याच अक्षरात लिहिलं : 'पेजेत मीठ कमी आहे, असं कुंदाला वाटलं.'