सांडणीला पान्हा फुटेपर्यंत

एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. गोबीच्या वाळवंटात या दिवसांत वाळूचं वादळ उठलं की चालकाला स्वतःच्या गाडीचं बॉनेट दिसत नाही. आम्ही दोन तास जीप एका जागी उभी करून बसलो होतो. वादळ ओसरल्यावर समोर, अर्ध्या किलोमीटरवर, पांढरा तंबू दिसला. मंगोल लोक त्याला गेर म्हणतात. तिथेच आम्हाला जायचं होतं.

मी मोजणीदार. मंगोलियाच्या दोर्नोगोवी प्रांतात, साइनशांदच्या बाजूला, रस्त्याच्या आखणीच्या कामावर होतो. त्या भागात अल्तानशिरे इथे भारताच्या कर्जातून वर्षाला १५ लाख टन क्षमतेचा तेलशुद्धीकरण कारखाना उभा राहतो आहे, त्यामुळे तिथे भारतीय इंजिनिअर पाहायची लोकांना सवय झालेली. माझं काम त्या मानाने अगदी लहान, जुन्या चाकोऱ्यांच्या जागी एक सरळ रस्ता आखायचा.

आपल्याकडे मोजणी सुरू होते ती गावनकाशा आणि सातबाऱ्यापासून. बांध कुठे, गट नंबर कुठला, हरकत कोणाची. तिथे कुरणाचा सातबारा नाही. मंगोलियाच्या १९९२ च्या राज्यघटनेनुसार कुरणाची खासगी मालकी कोणालाच मिळत नाही. हिवाळ्यातल्या निवाऱ्याच्या जागेचा कागद कुटुंबाकडे असतो, बाकी वसंतातला तळ कुठे, उन्हाळ्यातला कुठे, कोणाची जनावरं कुठल्या विहिरीवर येणार, हे सगळं माणसांच्या डोक्यात. म्हणून खुंट्या कायमच्या करण्याआधी दारोदार जाऊन विचारणं हाच तिथला खरा सर्व्हे. आधीच्या आठवड्यात आम्ही तात्पुरत्या खुंट्या ठोकून गेलो होतो. त्यातल्या तीन या गेरपासून हाकेच्या अंतरावर होत्या.

"नोखोय खोर!" दुभाष्या पोरगा लांबूनच ओरडला. म्हणजे कुत्रं धरा. कुत्रं असो नसो, पाहुण्याने आल्याची वर्दी द्यायची ती अशी. उंबऱ्यावर पाय न देता आत गेलो, डाव्या हाताला, पाहुण्यांच्या बाजूला बसलो. घरातल्या म्हातारीने मिठाचा दुधाळ चहा दिला, मी तो उजव्या हाताने घेतला. तिला आम्ही एमे म्हणायचो, एमे म्हणजे आजी. मी नकाशा उलगडला. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आख, आज नाही म्हणते," दुभाष्या मला म्हणाला. तो मला आख, म्हणजे दादा म्हणतो. "पिल्लू मरायला लागलंय."

गेरच्या मागे एक पहिलारू सांडणी बांधलेली होती. तीन दिवसांपूर्वी व्यायली, अडली होती, पिल्लू ओढून काढावं लागलं. तेरा महिने पोटात वागवलेलं ते पिल्लू तिने अंगाला लावूनच घेतलं नव्हतं. जवळ गेलं की लाथ. पिल्लाचे पाय काठीसारखे, अंगावर ओली लोकर सुकून चिकटलेली, ओरडताना आवाज फुटत नव्हता. बाटलीने पाजत होते, पण एमे म्हणाली की बाटलीवर वाढलेला उंट कळपात राहत नाही.

मी धनगराच्या घरातला. दिवाळीनंतर आमचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट फिरता तळ, माणदेश सोडून खाली उतरायचा, शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवायचा, आणि घोड्याच्या पाठीवर आमचा सगळा संसार असायचा. मेंढीने कोकरू झिडकारलं की माझा बाप तिचं डोकं गुडघ्यात दाबून धरायचा आणि कोकराचं तोंड सडाला लावायचा. दोन-तीन दिवसांत जमायचं. तेच मी सुचवलं. एमे हसली नाही की रागावली नाही. म्हणाली, "मिनी हू, मेंढीचं ते चालतं. सांडणी लक्षात ठेवते." मिनी हू म्हणजे माझ्या पोरा.

संध्याकाळ होत आली तेव्हा मोटारसायकलवर एक गृहस्थ आले, पाठीला मोरिन खूर बांधलेलं. दांडीच्या टोकाला घोड्याचं कोरीव डोकं आणि शेपटीच्या केसांच्या दोनच तारा, असं ते वाद्य. निळं रेशमी वस्त्र गुंडाळून त्यांनी ते आधी सांडणीच्या पुढच्या वशिंडाला अडकवलं आणि बाजूला झाले. वारा होताच. तारा आपोआप घुमायला लागल्या, अगदी बारीक. सांडणीने कान वळवले. एवढंच. मग वाद्य उतरवून ते वाजवायला बसले आणि एमेने सुरू केलं.

तिला गाणं म्हणावं का, मला माहीत नाही. शब्द एकच, खूस. खूस, खूस, खूस. तीन-चार सुरांत वर-खाली, पुन्हा तेच. गाता गाता तिचा हात सांडणीच्या मानेवरून पोटाकडे, पोटावरून कासेकडे फिरत होता. प्रत्येक जनावराला वेगळा शब्द असतो, मेंढीला तॉइग, सांडणीला खूस. पिल्लाला पुढे आणलं, सांडणीने लाथ झाडली. मागे घेतलं. पुन्हा खूस. पाऊण तास गेला. माझी बोटं गारठून बधिर झाली होती. एमेचा आवाज तसूभरही बदलला नाही, ना घाई, ना काकुळती.

मंगोलियाच्या सांडणी मनवण्याच्या या विधीची नोंद युनेस्कोने २०१५ मध्ये तातडीने जपायच्या वारशाच्या यादीत केली आहे. कारणं तिथे उघड्या डोळ्यांना दिसतात. गेल्या शतकाच्या मध्यात देशात आठ लाखांच्या वर उंट होते, २००० नंतर ते अडीच लाखांच्या आसपास आले. तळ हलवायला ट्रक आले, कळपामागे फिरायला मोटारसायकली आल्या. एमेच्या तरुणपणी जनावरं सहकारी संघांची होती, ती संघाच्या उंटांवर पगारी होती. १९९० नंतर संघ मोडले, जनावरं वाटली गेली, आणि पैशाच्या अडचणीत पुष्कळांनी उंट मांसासाठी विकले. मंगोलिया म्हटलं की आपल्याकडे लोक मला फक्त चंगीझ खानाचं विचारतात. त्याची फौज ज्यावर चालली ते म्हणजे घोडा, उंट, गाय-याक, मेंढी आणि बकरी, मंगोल भाषेत 'पाच तोंडांचं जितराब'. ते जगवायची विद्या या म्हातारीच्या हातात आणि गळ्यात होती, आणि मी ती चार हातांवरून बघत होतो.

अंधार पडायला लागला. पिल्लाला पाचव्यांदा का सहाव्यांदा पुढे केलं तेव्हा सांडणीने पाय उचलला आणि तसाच हळूच खाली ठेवला. मान वळवून पिल्लाच्या शेपटीचा वास घेतला. तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळून नाकापर्यंत आलेलं मी बॅटरीच्या उजेडात स्वतः पाहिलं. उंटाच्या डोळ्यांना वाळूनेही पाणी येतं, हे मला ठाऊक आहे, पण मी जे पाहिलं त्याला मी रडणंच म्हणेन. पिल्लाने सड पकडला, ढुशी मारली, पुन्हा मारली. घुटक्यांचा आवाज आला. मग तोंडाच्या कडेने दूध सांडायला लागलं.

"पान्हा फुटला," मी मराठीत मोठ्याने बोलून गेलो. दुभाष्याने काय म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्याने एमेला सांगितलं. तिने तो शब्द दोनदा म्हणून पाहिला, "पान्ना, पान्ना".

रात्री तिथेच मुक्काम केला. सकाळी चहा झाल्यावर एमेने आपणहून नकाशा मागितला, उलटा धरला, मग तो बाजूला ठेवून मला बाहेर घेऊन गेली. विहीर आमच्या रेषेच्या पूर्वेला, वसंतातला तळ पश्चिमेला. व्यायलेल्या सांडण्या आणि पिल्लं दिवसातून दोनदा रस्ता ओलांडणार. तिने दक्षिणेकडे बोट केलं, रेल्वेच्या दिशेने. राजधानी उलानबातरहून चीनच्या हद्दीपर्यंत जाणारा तो मार्ग १९५० च्या दशकातला, दोन्ही बाजूंनी कुंपण घातलेला. रानगाढवं, खुलान, ती कुंपणं ओलांडू शकत नाहीत. "तुमच्या रस्त्यालाही तार लागेल?" तिने विचारलं. नाही, मी म्हणालो, पण ट्रक जोरात जातील. ती काही बोलली नाही.

मी पुन्हा रीडिंग घेतली. रेषा पूर्वेला सरकवून विहिरीच्या पलीकडून नेली तर लांबी थोडी वाढत होती, चढ मात्र कमी होत होता. दुपारपर्यंत नवे बिंदू घेतले आणि कार्यालयाला तसं कळवलं. वरिष्ठांनी दोन प्रश्न विचारले आणि मान्य केलं.

जुन्या तीन खुंट्या मी उपटल्या. निघायच्या तयारीत होतो, तर एमे अजून उभीच होती, खुंट्यांच्या जागेकडे बघत. तळ हलवताना हे लोक जनावरं बांधायच्या खुंट्यांचे खड्डेसुद्धा बुजवून जातात, हे मला तेव्हा आठवलं. आम्ही परत फिरलो. दुभाष्याने हातानेच माती लोटली, मी बुटाने दाबली. तिसऱ्या खड्ड्यापाशी ते पिल्लू आईच्या मागे मागे आलं, ताज्या मातीचा वास घेऊन शिंकलं आणि आईकडे पळालं.