एकापाठोपाठचे प्रतिसाद: जोडावेत की राहू द्यावेत?

चर्चेच्या धाग्यावर एकाच सदस्याचे तीन-चार प्रतिसाद ओळीने दिसले की संपादकाचा हात आधी ते जोडून टाकण्याकडे वळतो. एका छोट्या मराठी संस्थळाच्या संपादनात काही वर्षे हातभार लावताना हे मी जवळून पाहिले आहे, आणि माझे मत असे झाले आहे की या बाबतीत प्रतिसादांची संख्या मोजण्यात फारसा अर्थ नाही. दुसरा प्रतिसाद येईपर्यंत पहिला कोणी वाचून गेले असेल का, हे आधी पाहावे.

निव्वळ अपघाताने पडलेल्या जोडप्रतिसादांबद्दल वाद नाही. इंटरनेट रखडलेले असताना बटणावर दोनदा टिचकी बसते आणि तोच मजकूर दोनदा उमटतो; अशा वेळी 'प्रकाटाआ', म्हणजे 'प्रतिसाद काढून टाकला आहे', एवढे लिहून मराठी संस्थळांवरचे सदस्य स्वतःच पसारा आवरतात. दोन-चार मिनिटांत सुचलेली पुरवणीही खुशाल जोडावी. मायबीबी या चर्चामंच चालवण्याच्या प्रणालीत तर ठरावीक मिनिटांच्या आत आलेला त्याच सदस्याचा पुढचा मजकूर आधीच्या प्रतिसादात आपोआप मिसळण्याची सोयच आहे, आणि ती मिनिटे किती असावीत हे चालकाने ठरवायचे असते.

अडचण येते ती ही मिनिटे सढळ हाताने वाढवली की. समजा, गणपतीच्या आदल्या दिवशी उकडीच्या मोदकांच्या धाग्यावर एका अनुभवी सदस्येने सकाळी लिहिले की एक वाटी पिठीला दोन वाट्या पाणी घ्यावे, आणि तासाभराने चूक ध्यानात आल्यावर खाली नवा प्रतिसाद दिला की पाणी एकच वाटी घ्यावे. हे दोन्ही प्रतिसाद जोडले, तर धागा नीटनेटका दिसेल खरा, पण सकाळी वाचून गेलेली व्यक्ती परत आल्यावर तिला नवे काही आल्याचे कळणारच नाही, आणि तिची उकड पातळ होईल. दुरुस्ती जितकी महत्त्वाची, तितकी ती वेगळी दिसायला हवी.

धाग्याची रचनाही विचारात घ्यावी लागते. मायबोली या मराठी संस्थळावर प्रतिसाद एकाखाली एक सरळ येतात, त्यामुळे तिघांना उत्तरे द्यायची असतील तर प्रत्येकाचे वाक्य उद्धृत करून एकाच प्रतिसादात लिहिणे वाचकाला सोयीचे पडते. मिसळपाव या संस्थळावर मात्र उपप्रतिसादांची, म्हणजे प्रतिसादाखाली दिलेल्या उत्तरांची, उतरंड असते. तिथे ज्याचे उत्तर त्याच्या खाली दिलेले बरे, आणि एकाच माणसाचे नाव पाच ठिकाणी दिसले म्हणून त्याला बडबड्या ठरवणे अन्यायाचे आहे.

लिहिलेले नंतर बदलण्याच्या बाबतीत ड्रुपल या संस्थळ चालवण्याच्या प्रणालीच्या सहाव्या आवृत्तीतला जुना नियम मला आजही शहाणपणाचा वाटतो: आपल्या प्रतिसादाला कोणाचे उत्तर आलेले नाही तोवर तो संपादित करता येई, उत्तर आले की ती वाट बंद होई. उत्तर न देता वाचून जाणारे त्यातूनही निसटत, पण निदान वाद घालणाऱ्याच्या पायाखालची जमीन कोणी सरकवू शकत नसे. डिस्कोर्स या चर्चामंचाच्या प्रणालीत एकाच सदस्याने ओळीने किती प्रतिसाद द्यावेत यावर मुळातच मर्यादा असते. ती तीनची असते, चालकाला बदलता येते, आणि धागा काढणाऱ्याला ती लागू नसते. ही शेवटची सूट फार योग्य आहे, कारण क्रमशः प्रवासवर्णन लिहिणारा किंवा बागेतल्या पक्ष्यांची रोज नोंद ठेवणारा सदस्य स्वतःच्याच धाग्यावर एकटा लिहीत राहतो, आणि वाचकांना तेच हवे असते.

राहता राहिले ते नवा प्रतिसाद टाकून मुद्दाम धागा यादीत वर काढणारे. 'कोणीच कसे बोलत नाही?' एवढेच दर दोन तासांनी लिहिणाऱ्याचे प्रतिसाद जोडून उपयोग होत नाही. ते उडवावेत, पण त्याआधी त्याला एक व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून कारण सांगावे. धाग्यावरच चारचौघांत समज दिली की उत्तरादाखल आणखी चार प्रतिसाद पडतात, आणि या वेळी ते संपादक मंडळाच्या कारभारावर असतात.