लेझरनं कळतं ना, मग तुकडा कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून, एकदाच सांगते. "तुमच्या त्या लेझरनं तोंडाचा कॅन्सर कळतो ना, मग बायोप्सी कशाला?" लग्नात, लिफ्टमध्ये, फॅमिली ग्रुपवर, जिथे जावं तिथे हेच.

कळतो म्हणजे, ७८५ नॅनोमीटरचा लेझर गालाला आतून लावायचा, परत येणाऱ्या प्रकाशातला अगदी कणभर भाग रंग बदलून येतो (सी. व्ही. रामननी १९२८ मध्ये दाखवलं तेच), त्याच्या आलेखात निरोगी गालात चरबीचे उंचवटे ठळक, गाठीत प्रोटीनचे, आणि हा फरक कॉम्प्युटरवरचं मॉडेल शिकतं. कापाकापी नाही हे खरंच आहे, त्यात मी काही फेकलं नव्हतं.

पण मामाला आकडा सांगितला. गणपतीत, मोदक खाता खाता, "मामा, नव्वदच्या वर अ‍ॅक्युरसी आलीय!" त्याच्या गालात पांढरा चट्टा, डॉक्टरांनी तुकडा काढायला सांगितलेला, आणि सुरी लागली की पसरतो हे आमच्याकडे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं. तंबाखू मळत म्हणाला, "मग तुझं मशीनच येऊ दे की." मी हसले. नको म्हणाले नाही.

दिवाळीनंतर कोड परत बघताना दिसलं. एकेका पेशंटचे आम्ही असे दहा-बारा आलेख (स्पेक्ट्रा) घ्यायचो आणि मी ते सगळे पत्त्यांसारखे पिसून ट्रेन-टेस्ट केलेले, म्हणजे एकाच माणसाचे काही शिकायला, काही परीक्षेला. पेपर फुटलेलाच होता. दर वेळी एक अख्खा पेशंट बाहेर ठेवून चालवलं तर आकडा सत्तरीत. रात्री साडेअकराला मामाला फोन, उद्याच्या उद्या तुकडा काढून घे. तो म्हणे, "अगं, तूच तर..."

आठवड्यात रिपोर्ट आला. मानेतही गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन महिन्यांनी फार फरक पडला असेलच असं नाही. असेलच असं नाही, बरं.

तरी मी हे काम सोडलेलं नाही, आणि का सोडू? चट्ट्यात नेमका तुकडा कुठून घ्यावा एवढं जरी यानं धड सांगितलं तरी पुष्कळ आहे. तेव्हाची मी याला रडगाणं म्हणाली असती. म्हणू दे. तंबाखूच्या डागांनी सिग्नल अजून बुडतो, पेशंटला गुळण्या करायला लावून परत घेतो.

परवा मामानं विचारलं, "आता किती आलंय गं?"

मी म्हटलं, जेवलास का.