हणजूणच्या कॅसेटी

गोवा ट्रान्स, म्हणजे गोव्याच्या किनाऱ्यावरच्या पार्ट्यांतून आलेलं इलेक्ट्रॉनिक नाचाचं संगीत, म्हटलं की लोकांना चमकणारे कपडे आणि बाकीच्या भानगडीच आठवतात, पण मला खरं वेड आहे ते त्याच्याही आधीच्या, ८० च्या दशकातल्या कॅसेट मिक्सचं. आता बघा, समुद्रकिनारी उघड्यावर पार्टी, ऊन, वाळू, दमट हवा, अशात विनाइलची तबकडी वाकडी व्हायला कितीसा वेळ लागतो, म्हणून गोव्यातल्या हणजूणचे डीजे सरळ टेप डेकवरच वाजवायचे. त्यात लॉराँ नावाचा एक फ्रेंच डीजे, हा पठ्ठ्या युरोपातली न्यू वेव्ह (सिंथेसायझरवाली पॉप-रॉक) गाणी घ्यायचा आणि गायकाचा आवाजच उडवून टाकायचा! उरायचा फक्त बेस, ड्रम आणि सिंथ, तेच फिरून फिरून, लांबच लांब. कॉम्प्युटर नाही की काही नाही. रिमिक्स म्हणतात ते हेच की!

पुढे डॅट टेप आली, म्हणजे आवाज डिजिटल साठवणारी छोटी कॅसेट. कॅलिफोर्नियाहून १९७० मध्ये आलेला डीजे गोवा गिल (२०२३ मध्ये गेला बिचारा) शेवटपर्यंत डॅटवरच अडून बसला, चोवीस चोवीस तासांचे सेट त्यावर. डॅटवर वेग कमीजास्त करून बीट जुळवणं जमत नाही, म्हणून ट्रॅकच्या सुरुवातीला नि शेवटी बीट नसलेला लांब तुकडा असला की काम सोपं, एक विरतोय तोवर दुसरा चढवायचा.

जुनी रेकॉर्डिंग यूट्यूबवर सापडतात, खरखर आहे, पण साफसूफ केलेल्यांपेक्षा मला तीच आवडतात. फक्त हेडफोनवर नका ऐकू, मोठे स्पीकर लावा, शेजारी गावाला गेले असतील तर उत्तमच.