तिसऱ्या पात्याची शिट्टी

पवनचक्कीची पाती दुरुस्त करणं हे माझं काम. गेल्या महिन्यात साम्सोवर गेलो होतो. डेन्मार्कच्या मधोमध, जटलंड आणि झीलंड यांच्यामधलं ११४ चौरस किलोमीटरचं बेट. तक्रार एका वृद्ध शेतकऱ्याची होती: "माझी चक्की शिट्टी घालते."

कंट्रोल रूमच्या पडद्यावर सगळं हिरवं. कंपन, तापमान, वीज, सगळं मापात. ड्रोनचे फोटोही पास झालेले. आमचा समन्वयक म्हणाला, "मालक शेतकरी असला की डोकेदुखी. एक चक्कर मारून ये." तो स्वतः कधी बोटीत बसून तिकडे गेलेला नाही.

पोचलो तेव्हा वारा सेकंदाला १३ मीटर. १०च्या वर गेला की दोरावर कुणी उतरायचं नाही, हा आमचा नियम. दिवस रिकामा गेला असता, पण आजोबांनी गाडीत घालून कानहावे कालव्यावर नेलं. बेटाची कंबर तिथे अगदी बारीक होते. आता फक्त गवताळ चर उरलाय. पण एके काळी ५०० मीटर लांब, ११ मीटर रुंद, काठांना लाकूड लावलेला कालवा होता. त्या लाकडाच्या वर्तुळांवरून साल निघालं ७२६, म्हणजे व्हायकिंगांच्याही आधीचं. पूर्वेच्या स्टाव्हन्स फ्योर्डमधली जहाजं इथून थेट पश्चिमेच्या समुद्रात निघत.

चरात वारा लागत नव्हता. तिथे बसून आजोबा चक्कीबद्दल बोलले. १९९७ साली सरकारी स्पर्धेत बेट निवडलं गेलं: दहा वर्षांत स्वतःच्या ऊर्जेवर उभं राहायचं. २००० साली जमिनीवर ११ चक्क्या आल्या, २००३ साली समुद्रात १०. जमिनीवरच्या नऊ एकेकट्या शेतकऱ्यांच्या, दोन गावकऱ्यांच्या भागीदारीतल्या. आजोबांनी आपली चक्की कर्ज काढून घेतली. "पहिलं वर्ष खिडकी उघडी ठेवून झोपायचो," ते म्हणाले, "चालू आहे ना, ते ऐकायला."

दुसऱ्या दिवशी वारा पडला. चक्की थांबवण्याआधी त्यांनी मला खाली उभं केलं आणि बोटांवर मोजलं. सूं, सूं, शीं. तीनातलं एकच पातं.

ते पातं टोक खाली येईल असं फिरवलं, रोटर म्हणजे फिरणारा भाग लॉक केला, दोरावरून टोकापर्यंत उतरलो. मी नाण्याने ठोकत जातो. धड पातं टणटण बोलतं, आतून सुटलेलं डबडब. टोकाजवळ, पात्याचे दोन अर्धे जिथे चिकटवलेले असतात त्या मागच्या कडेला, आवाज बदलला. सांधा वीतभर लांबीत उघडला होता. फोटोत तो केसाएवढी रेघ दिसतो. हिवाळ्यातल्या वादळांनी ते पातं फाडलंच असतं. घासलं, भरलं, काचेचं कापड चढवलं, थंडीत रेझिन धरत नाही म्हणून गरम पट्टा गुंडाळून तीन तास लटकून राहिलो. काम चोख झालं.

डेन्मार्कला येण्याआधी चार वर्षं मी साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर होतो. तिथल्या कितीतरी चक्क्या दूरच्या शहरांतल्या कंपन्यांनी घसाऱ्याच्या करसवलतीसाठी घेतलेल्या. पठारावरची माणसं रोज त्यांच्या खालून गुरं न्यायची. शिट्ट्या तिथेही वाजल्या असणार. मी त्यांना एकदाही विचारलं नाही, आणि सांगून त्यांना काय मिळणार होतं?

अहवालात 'दोष कशावरून कळला' असा रकाना असतो. मी 'इतर' निवडून लिहिलं: मालकाने ऐकलं. ऑफिसने तो परत पाठवलाय, 'नियमित तपासणी' असं करून द्या म्हणून. अजून बदललेला नाही.